पवनारहून निघालेल्या वाटा

१२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून दांडीला निघालेल्या तुकडीत एकही बाई नव्हती. पल्ला ३८५ किलोमीटरचा. पण बायकांना एवढे चालवणार नाही, असे गांधीजींचे म्हणणे नव्हते. बायका सोबत असल्या तर इंग्रज हात उचलायला कचरतील आणि आपण त्यांची ढाल केल्यासारखे होईल, ही त्यांची अडचण. कारण सभ्य होते, पण वगळले ते वगळलेच. मार्गारेट कझिन्स यांनी निषेध नोंदवला, कमलादेवी चट्टोपाध्यायांनी गांधीजींना गाठून बायकांची बाजू मांडली. पुढे मिठाच्या सत्याग्रहात हजारो बायका उतरल्या. मूळ तुकडी मात्र पुरुषांचीच राहिली.

पवनारच्या ब्रह्मविद्या मंदिराची वाटचाल सांगताना सुरुवात इथून करावीशी वाटते. धाम नदीकाठी विनोबा १९३८ साली राहायला आले. १९५१ पासून ते भूदानासाठी देशभर पायी फिरू लागले. भल्या पहाटे, कंदिलाच्या उजेडात मुक्काम हलायचा. त्या चालीत महादेवीताई होत्या, निर्मला देशपांडे होत्या, कुसुम देशपांडे होत्या. बायकांना लांबची चाल झेपते का, हा प्रश्न तिथे रोज सकाळी निकालात निघत होता.

यात्रा चालू असतानाच, २५ मार्च १९५९ रोजी मंदिराची स्थापना झाली. १९१६ साली याच तारखेला विनोबांनी घर सोडले होते. ब्रह्मजिज्ञासेसाठी घर सोडायची मुभा आपल्याकडे मुलांना; मुलगी घर सोडते ती सासरी जायला. शंकराचार्यांच्या तोलाची, ज्ञानाने आणि वैराग्याने संपन्न स्त्री निपजायला हवी, असे विनोबांना वाटे, आणि त्यासाठीच हा बहिणींचा आश्रम. प्रमुख कोणी नाही, निर्णय सर्वानुमतीने. शेती, सफाई, स्वयंपाक बहिणींच्याच हातचे. ‘मैत्री’ मासिकाची छपाईही त्याच करत.

मग आले १९६७ साल. एप्रिलमध्ये बोस्टन मॅरेथॉनमध्ये कॅथरिन स्वित्झर धावत असताना आयोजकांपैकी जॉक सेम्पल यांनी अंगावर धावून जाऊन तिचा २६१ क्रमांक ओढायचा प्रयत्न केला. ती शर्यत पूर्ण करूनच थांबली. बायकांना लांब पल्ला सोसत नाही, हा समज तेव्हा जुना होता. १९२८ च्या अॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये ८०० मीटरनंतर काही धावपटू दमलेल्या दिसल्या, तेवढ्यावर १९६० पर्यंत महिलांना २०० मीटरपेक्षा लांब शर्यतच दिली गेली नाही. शर्यत संपल्यावर पुरुषही आडवे होतात. त्याचा कोणी पुरावा केला नाही.

त्याच १९६७ मध्ये, विनोबांच्या प्रेरणेने, इंदूरच्या कस्तुरबाग्राममधून चौघीजणी लोकयात्रेला निघाल्या. संकल्प बारा वर्षांचा आणि पायी. रोज नवे गाव, नवे घर. माझ्या मते अडथळा पायांचा कधीच नव्हता. ‘सोबत कोण आहे?’ हा प्रश्न पुरुष पदयात्रीला कोणी विचारत नाही. बाईच्या वाट्याला तो उंबरठ्यापासूनच येतो. ऑलिंपिकने महिलांची मॅरेथॉन घेतली १९८४ साली. तोवर या बारा वर्षांची मुदत कधीच उलटून गेली होती.

१९७० मध्ये विनोबा पवनारला स्थिरावले. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी ते गेले. संस्थापकानंतर आश्रम ओस पडायला वेळ लागत नाही. हा बहिणींनी चालू ठेवला.

मैदानावरची दारे त्यामानाने सावकाश उघडली. महिलांची स्टीपलचेस ऑलिंपिकमध्ये आली २००८ साली. २०१६ मध्ये साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर रिओत अंतिम फेरीत दहावी आली. आता विदर्भातल्या गावोगावच्या मुली पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावतात, आणि बहुतेक घरांत त्याचे कौतुकही होते. पगाराची नोकरी दिसू लागली की सोबतीचा प्रश्न मवाळ होतो. भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर धावावे लागते. मुलींना अजूनही अॅमस्टरडॅमचेच ८००.