विजेची गिटार आणि व्हॉल्व्हची पेटी

वाद्यांचा इतिहास लिहिणारे बहुधा लांकूड, तारा व कारागीर यांचाच इतिहास लिहितात. विजेच्या गिटारीच्या बाबतींत ही पद्धति अपुरी पडते. भरीव लांकडाची ही गिटार स्वतः जवळजवळ मुकी असते. तिचा कंठ तिच्यापासून चार हातांवर ठेवलेल्या ध्वनिवर्धकाच्या पेटींत असतो. म्हणून गिटार नवी आली आणि पेटीच्या गुंड्या मात्र जुन्याच खुणांवर राहिल्या, म्हणजे वादकाची निराशा होते व तो नव्या वाद्याला नांवें ठेवूं लागतो. आमच्या मतें यांत वाद्यावर अन्याय होतो. या दोघांचें जमवून घेणें ही गोष्ट किती मोलाची आहे, हें १९६६ सालीं लंडनमध्यें दिसून आलें.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. पोलादी तारेपाशीं लोहचुंबक व तांब्याच्या बारीक तारेचें वेटोळें ठेवून तिच्या कंपनाचा विद्युत्प्रवाह करण्याची युक्ति जॉर्ज बीचम व अडॉल्फ रिकनबॅकर यांनीं १९३२ च्या सुमारास लॉस अँजेलिस येथें बाजारांत आणिली. बीचमला तिचें पेटंट १९३७ सालीं मिळालें. हा प्रवाह अत्यंत क्षीण असतो. त्याला बळ देण्याचें काम जुन्या रेडिओप्रमाणेंच निर्वात व्हॉल्व्हनें करावयाचें. पोकळ गिटार या पेटीजवळ नेली कीं पेटीच्या आवाजानें तिचें पोटच थरारूं लागे व ऐन रंगांत किंकाळी उठे. त्यावर उपाय म्हणून भरीव गिटार निघाली. कॅलिफोर्नियांत लिओ फेंडर यानें ती १९५० सालीं, व मिशिगनमधील गिब्सन कंपनीनें १९५२ सालीं लेस पॉल या प्रसिद्ध वादकाच्या नांवानें विक्रीस काढिली.

एका वेटोळ्याच्या पिकअपला एक खोड होती. आसपासच्या दिव्यांची व ट्रान्सफॉर्मरची गुणगुण तो तारेच्या सुराबरोबरच उचलून घेई. गिब्सनमधील सेथ लव्हर या इंजिनिअरनें १९५५ सालीं ज्या युक्तीच्या पेटंटासाठीं अर्ज केला तींत दोन वेटोळीं शेजारीं शेजारीं बसविलेलीं होतीं; त्यांचे वळसे परस्परविरुद्ध, व चुंबकाचीं टोकेंही परस्परविरुद्ध. बाहेरची गुणगुण दोहोंत उलटसुलट उमटून आपोआप नाहींशी होई, तारेचा सूर मात्र दोहोंतून एकाच दिशेनें येऊन दुणावे. १९५७ पासून हे पिकअप लेस पॉल गिटारीवर बसूं लागले. शोध लागला तो गुणगुण घालविण्यासाठीं. पण त्याचा जो दुसरा परिणाम झाला तोच इतिहासाला उपयोगी पडला. या पिकअपांतून पेटीकडे जाणारा प्रवाह अधिक जोरकस, आणि त्यांतील वरच्या सुरांचा कर्कशपणा कमी झालेला असे. गिऱ्हाइकांना याचें फारसें कौतुक वाटलें नाहीं. १९६० नंतर कंपनीनें ती घडणच बदलून टाकली.

आतां पेटीकडे वळूं. फेंडरची 'बेसमन' ही पेटी मुळांत खर्जाच्या गिटारीसाठीं केलेली. पण साध्या गिटारीच्या वादकांनीं तीच उचलली. लंडनच्या हॅनवेल भागांत ड्रम शिकविणारा जिम मार्शल १९६० पासून वाद्यांचें दुकान चालवीत असे. अमेरिकन पेट्या इंग्लंडांत फार महाग पडत, म्हणून त्यानें केन ब्रॅन व डडली क्रेव्हन यांच्या साहाय्यानें बेसमनचीच रचना समोर ठेवून इंग्लंडांत मिळणाऱ्या भागांची पेटी बांधविली. 'जे. टी. एम. ४५' ती हीच. रचना तीच असली तरी व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर व स्पीकर बदलले कीं आवाज बदलतो. मार्शलची पेटी अधिक लवकर फुटूं लागली.

पेटीचा आवाज 'फुटणें' म्हणजे काय, हें कळल्याखेरीज पुढील हकीकतीचें मर्म ध्यानांत येणार नाहीं. व्हॉल्व्हला कांहीं एका मर्यादेपर्यंतच प्रवाह वाढवितां येतो. त्यापलीकडे लहरींचे माथे सपाट होतात, व मूळ सुरांत नसलेले उपस्वर उत्पन्न होतात. इंजिनिअर याला विकृति म्हणतो. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारीचा दोरा सरकवून हवा तो झणत्कार काढणारा मनुष्य बहुधा निराळें नांव देईल! एका वेटोळ्याच्या गिटारीला ज्या खुणेवर पेटी स्वच्छ बोलते, त्याच खुणेवर दोन वेटोळ्यांची गिटार जोडली कीं ती घोगरी होते, आणि खर्जाचे स्वर चिखलांत रुतल्यासारखे वाटतात. अशा वेळीं खर्जाच्या व वरच्या सुरांच्या गुंड्या आधीं मध्यावर आणाव्या, आवाजाची गुंडी खालून हळूहळू चढवावी, आणि पेटी जेथें फुटूं लागते ती जागा कानानें शोधावी. मग खर्ज उतरवावा व वरचे सूर थोडे वाढवावे. कारण व्हॉल्व्हची शक्ति सर्वांत आधीं खर्जच खाऊन टाकतो. पिकअपचे स्क्रू फिरवून तो तारांपासून किंचित् दूर नेला तरी बराच फरक पडतो. स्वच्छ सूर हवा असेल तेव्हां पेटीला हात न लावतां गिटारीवरचीच गुंडी उतरवावी. शिवाय ही सारी जुळणी ज्या जोरानें वाजवावयाचें त्याच जोरावर केली पाहिजे. आवाज लहान असतां मनुष्याच्या कानास खर्ज कमी ऐकूं येतो, हें फ्लेचर व मन्सन यांनीं १९३३ सालीं दाखवून दिलें. म्हणून घरांत हलक्या आवाजावर बसविलेल्या खुणा सभागृहांत फसतात. शेजाऱ्यांना या शास्त्राचें अगत्य नसतें, ही गोष्ट वेगळी.

एरिक क्लॅप्टन यानें १९६५ सालीं लंडनमध्यें अशी एक घडण बंद पडलेली लेस पॉल घेतली व ती मार्शलच्या दोन स्पीकरच्या पेटीला जोडली. (त्या पेटीच्या नमुन्याचा क्रमांक १९६२ होता, त्याचा सालाशीं संबंध नाहीं.) १९६६ च्या वसंतांत जॉन मेयॉल याच्या 'ब्लूजब्रेकर्स' मंडळीबरोबर तो डेक्का कंपनीच्या वेस्ट हॅम्पस्टेड येथील स्टुडिओंत ध्वनिमुद्रणास गेला, तेव्हां खरा प्रसंग उद्भवला. तोंवरचा रिवाज असा कीं, स्टुडिओंत पेटी खालच्या आवाजावर ठेवावी व मायक्रोफोन तिच्या तोंडाशीं न्यावा. क्लॅप्टननें पेटी रंगमंचावरच्याच खुणेवर ठेवली, आणि मायक्रोफोनच दूर नेण्याचा आग्रह धरिला. ध्वनिमुद्रक गस डजियन यास हा प्रकार नियमबाह्य वाटला यांत नवल नाहीं. आवाज स्वच्छ उतरविणें हेंच तर त्याचें काम. निर्माते माइक व्हर्नन यांना मध्यस्थी करावी लागली. एकवीस वर्षांच्या त्या तरुणानें हट्ट सोडिला नाहीं, आणि आमच्या मतें त्याचेंच बरोबर होतें. गुंडी उतरविली असती तर त्या गिटारीचा लांबत जाणारा, मनुष्याच्या कंठासारखा सूर तेथें उरलाच नसता. गिटार तीच, बोटें तींच, पण तबकडीवर दुसरेंच कांहीं आलें असतें. ती तबकडी २२ जुलै १९६६ रोजीं प्रसिद्ध झाली.

त्याच उन्हाळ्यांत ती गिटार चोरीस गेली. पेटीच्या त्या नमुन्याला लोक पुढें 'ब्लूजब्रेकर' म्हणूं लागले, वादक जुन्या लेस पॉल धुंडाळीत फिरूं लागले, आणि गिब्सन कंपनीनें १९६८ सालीं ती घडण पुन्हां सुरू केली.