कापसाची साखळी

साल १८८८. तुम्ही खानदेशातल्या पारोळ्यात, भुईकोट किल्ल्याच्या खंदकाबाहेर उभे आहात. जहागीरदार हरी सदाशिव दामोदरांनी १७२७ मध्ये बांधलेला हा किल्ला. १८५९ मध्ये इंग्रजांनी जहागीर खालसा केली आणि त्याची रया गेली. बाजार मात्र भरात आहे: गुरं, धान्य, कापूस आणि लुगडी. गल्लीत लांबच लांब ताणा ताणलेला आहे आणि एक विणकर त्यावरून कुंचा फिरवतोय. पाजणी, म्हणजे सुताला खळ लावणं, चाललीय. तुम्ही बोट पुढे करता, तोच तो ओरडतो, "हात नको लावू भाऊ, खळ वली शे!"

हात मागे घ्या, पण वाकून बघा. कुंचा फिरला की सुताच्या अंगावर उभे राहिलेले बारीक तंतू निजतात. खळ वाळली की सूत ताठ होतं, मागावर तुटत नाही. खळीतला स्टार्च आणि सुतातला सेल्युलोज, दोन्ही ग्लुकोजचेच. एकाला एक जोडून झालेल्या लांब साखळ्या, म्हणजे पॉलिमर. फरक फक्त सांध्याचा. स्टार्चमध्ये सांधे असे जुळतात की साखळी गुंडाळत जाते, गरम पाण्यात फुगते, पोटात गेली की पचते. कापसात प्रत्येक पुढचा ग्लुकोज उलटा बसतो. साखळी सरळ राहते, शेजारच्या साखळीला हायड्रोजन बंधांनी चिकटते आणि पाण्याला दाद देत नाही. ज्वारीची भाकरी पोट भरते आणि कापूस अंग झाकतो, ते एवढ्याशा फरकामुळे. मला रसायनशास्त्रात याहून सुंदर गोष्ट फारशी भेटलेली नाही.

साल तेच ठेवा, गाव बदला. प्राग. फ्रिडरिख राइनित्झर नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ कोलेस्टेरिल बेंझोएट तापवतोय. त्याच्या खांद्यावरून नळीत बघा. १४५.५ अंशांना पदार्थ वितळतो, पण द्रव गढूळच राहतो. १७८.५ अंशांना तो एकदम नितळ होतो. एकाच पदार्थाला दोन वितळबिंदू कसे? निववताना तर त्यात रंग चमकून जातात. मार्चमध्ये तो ओटो लेहमानला पत्र लिहितो. लेहमानकडे ध्रुवित प्रकाशाची सोय असलेला सूक्ष्मदर्शक आहे. त्याला दिसतं की हा पदार्थ वाहतो द्रवासारखा आणि प्रकाशाशी वागतो स्फटिकासारखा. द्रव-स्फटिक ते हेच. मनगटी घड्याळाच्या आकड्यांपर्यंत ते पुढे पोचले. त्या वाटेने आपण आज जाणार नाही.

आता १९२० चं झुरिक. हर्मान श्टाउडिंगर म्हणतोय की रबर, सेल्युलोज हे हजारो अणूंच्या खऱ्याखुऱ्या साखळ्यांचे बनलेले आहेत. मोठमोठे रसायनशास्त्रज्ञ माना हलवतात: एवढा मोठा रेणू असूच शकत नाही, लहान रेणूंचा तो नुसता गठ्ठा आहे. श्टाउडिंगर हटत नाही. द्रावण किती दाट होतं, यावरून तो साखळीची लांबी काढतो. नोबेल मिळतं थेट १९५३ मध्ये.

खानदेशात परत या, १९८० साली. जळगावात जैन समूहाचे पीव्हीसी पाइप, तेही अशाच लांब साखळ्यांचे, निघू लागलेत. पुढे केळीच्या बागांतून ठिबकच्या काळ्या नळ्या पसरतील. त्या काळ्या, कारण पॉलिथिनमध्ये घातलेली काजळी उन्हातले अतिनील किरण शोषते. नाहीतर मे महिन्याच्या उन्हात साखळ्या तुटून नळी तडकली असती.

आणि आता आज. पारोळ्याहून सकाळची एसटी, एरंडोल मागे टाकून तुम्ही जळगावच्या गिरणेकाठच्या विद्यापीठात उतरता. १९९० मध्ये पुण्यापासून वेगळं झालेलं, आता बहिणाबाई चौधरींचं नाव लागलेलं. पॉलिमर केमिस्ट्री इथे शिकवली जाते. माझं ठाम मत आहे की या मुलुखातल्या मुलांना पॉलिमर शिकवताना सुरुवात पॉलिथिनपासून करू नये, कापसापासून करावी. ज्या घरात वेचणीच्या दिवसांत कापसाचा ढीग लागतो, तिथल्या मुलीला तिच्याच ढिगातल्या साखळीची लांबी आधी मोजू द्या.

मोजा तर. तांबं आणि अमोनियाच्या गर्द निळ्या द्रावणात कापूस विरघळतो. व्हिस्कोमीटरमध्ये द्रावण वर ओढा, सोडा. वरच्या खुणेला स्टॉपवॉच सुरू, खालच्या खुणेला बंद. आधी नुसत्या द्रावकाचा वेळ, मग कापूस घातलेल्याचा. चिमूटभर कापूस, पण द्रावण रेंगाळतं. श्टाउडिंगरची युक्ती तुमच्या अंगठ्याखाली आहे. कच्च्या कापसात एका साखळीत ग्लुकोज दहा हजारांच्या आसपास भरतात.

दुसऱ्या चंचुपात्रात कापूस ६४ टक्के गंधकाम्लात, ४५ अंशांवर. आम्ल तंतूंचे विस्कळीत भाग खाऊन टाकतं. उरतात शे-दोनशे नॅनोमीटर लांबीचे सेल्युलोजचे ताठ स्फटिक. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात डेरेक ग्रे यांच्या गटाने १९९२ मध्ये दाखवलं की पाण्यातले असे स्फटिक पुरेसे दाट झाले की आपणहून ओळीने लागतात, आणि प्रत्येक थर खालच्यापेक्षा किंचित वळतो. हा पिळाचा थर आणि राइनित्झरच्या नळीतला गढूळ थर एकाच जातीचे. प्रागमध्ये तो चक्रावला होता, त्याच वर्षी तुम्ही पारोळ्याच्या गल्लीत वाकून जे सूत बघत होता, त्यातही हाच पिळाचा गुण दडलेला होता.

एक थेंब काचपट्टीवर घ्या, दोन ध्रुवक एकमेकांना आडवे लावा. बोटाच्या ठशासारख्या रेषा दिसतील. दोन रेषांमधलं अंतर मोजून दुप्पट करा, म्हणजे पिळाचा एक पूर्ण वेढा मिळतो. आकडा वहीत उतरवा, आणि शेजारी कापसाचं वाण व शेताचं गाव लिहा.