बोलता येतंय ना?

मंडळी, हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेलेल्या माणसाने किती जोरात चालावं, हा प्रश्न तसा नवाच. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो फारसा कुणाला पडतच नव्हता, कारण अशा माणसाला चालूच देत नसत! चार-सहा आठवडे सक्त पडून राहायचं. बोस्टनच्या सॅम्युअल लिव्हाइन आणि बर्नार्ड लाऊन या डॉक्टरांनी १९५२ साली लिहिलं, की पेशंटला पलंगावरून उठवून निदान आरामखुर्चीत तरी बसवा. तर तेवढंही धाडस वाटलं. (गंमत म्हणजे १८०२ साली छापलेल्या विल्यम हेबर्डनच्या पुस्तकात छातीत दुखणाऱ्या एका माणसाची नोंद आहे. तो रोज अर्धा तास करवतीने लाकडं कापायचा आणि जवळजवळ बरा झाला.)

असो. पेशंट उठला, चालायला लागला आणि मग 'किती?' हा प्रश्न आला. आपल्यासारख्या आकडेबाजांना आवडणारं उत्तर म्हणजे २२० वजा वय. साठीच्या माणसाचे कमाल ठोके १६०, त्याचे अमुक टक्के धरा, नाडी मोजा, झालं. इतकं गुळगुळीत सूत्र म्हणजे कुणीतरी मोठा प्रयोग करून काढलं असणार, असं वाटतं ना? तसं काही नाही. १९७० च्या आसपास सॅम्युअल फॉक्स आणि विल्यम हॅस्केल यांनी आधीच्या दहाएक अभ्यासांतले आकडे एकत्र मांडले, त्यातून एक रेघ जाताना दिसली, बस्स. एकेका माणसाच्या बाबतीत ते दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतं. 'टेम्पररी' म्हणून लिहिलेला कोड प्रॉडक्शनमध्ये वर्षानुवर्षं चालतो ना, तसला प्रकार.

हृदयरोग्यांच्या बाबतीत तर ते पारच फसतं. कारण मेटोप्रोलॉलसारख्या बीटा ब्लॉकर गोळ्या ठोके फार वाढूच देत नाहीत. सोलापूरच्या माझ्या काकांची अँजिओप्लास्टी झाली, त्यांना ही गोळी चालू आहे. सूत्राचा आकडा गाठायला गेले की दमून बसायचे. मग घाबरून त्यांनी चालणंच सोडलं, आणि ते जास्त वाईट. स्ट्रेस टेस्ट केली तर त्या माणसाचा स्वतःचा आकडा मिळतो, हे खरं. पण रोज सकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठी ट्रेडमिल कोण नेणार?

इथे गुन्नार बोर्ग नावाचे स्वीडिश मानसशास्त्रज्ञ येतात. १९६२ साली त्यांचा प्रबंध आला. त्यांचं म्हणणं असं, की यंत्राला विचारता तसं माणसालाही विचारा ना, किती कष्ट वाटतायत? त्यांची पट्टी ६ ते २० अशी विचित्र आहे. का? तर निरोगी तरुण माणसाने सांगितलेल्या आकड्याला दहाने गुणलं की साधारण ठोके निघावेत म्हणून. ११ म्हणजे हलकं, १३ म्हणजे जरा जड, १५ म्हणजे जड. हृदयरोग्यांना बहुधा ११ ते १४ च्या आत राहायला सांगतात. खर्च? एक छापील कागद.

पण सोलापुरात या कागदाची एक अडचण आहे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू, चार भाषांचं हे गाव. 'जरा जड' म्हणजे नेमकं किती, हे विणकर पद्मशाली आजोबांना आणि विडी वळणाऱ्या आजींना सारखंच कळेल याची काय खात्री? म्हणून मला दुसरी पद्धत जास्त आवडते. चालता चालता बोलून बघायचं! आरामात बोलता येतंय तोवर ठीक. वाक्य मध्येच तोडून श्वास घ्यावा लागला, तर वेग कमी करायचा. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या ला क्रॉसच्या कार्ल फॉस्टर आणि सहकाऱ्यांनी हे रीतसर तपासलं. बोलणं अडतं ती पातळी आणि श्वास एकदम वाढायला लागतो ती पातळी, दोन्ही जवळजवळ असतात. त्यांनी लोकांना काय म्हणायला लावलं माहितीय? अमेरिकन शाळांतली झेंड्याची प्रतिज्ञा!

मग आपण का मागे राहायचं? आपली शाळेतली प्रतिज्ञा सगळ्यांना पाठ आहे, आणि ती मुळात तेलुगूत लिहिली गेली. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी, १९६२ साली. म्हणजे बोर्गच्या प्रबंधाच्याच वर्षी! पुढे ती बाकीच्या भाषांत गेली. सोलापूरच्या कुठल्याही आजोबांनी आपापल्या भाषेत म्हणावी. काकांना मी हेच सांगितलं. ते आता प्रतिज्ञा म्हणत चालतात, लोक बघतात, बघू देत. (छातीत दुखलं, चक्कर आली तर मात्र प्रतिज्ञा अर्धी सोडून थांबायचं आणि डॉक्टर गाठायचा. गोळीचा डोस आणि चालण्याची सुरुवात हेही त्यांनाच विचारून.)

तसं पाहिलं तर सोलापूर जिल्ह्यात ही चाचणी दर आषाढात होतेच. ज्ञानोबांची पालखी आळंदीहून निघते, धर्मपुरीला जिल्ह्यात शिरते, आणि अडीचशेएक किलोमीटर दिंड्या गात गात चालतात. चालताना गाता येतंय म्हणजे वेग हलकाच. बोलता येतं पण गाता येत नाही, तो मध्यम. म्हणून तर सत्तरीतले वारकरीही पंढरपूर गाठतात. वेळापूरजवळ मात्र 'धावा' असतो, उतारावरून सगळे पळत सुटतात. तिथे टाळ गप्प आणि धापा सुरू. बीटा ब्लॉकरवाल्या माउलींनी तेवढ्यापुरतं रस्त्याच्या कडेला उभं राहून टाळ्या वाजवाव्यात.