वस्तादांची शिष्यनिवड

होतकरू मल्ल हेरणे, त्यांना तालमीत आणणे आणि त्यांची तयारी पूर्ण होईपर्यंत त्यांना तेथे टिकवून धरणे, या वस्तादाच्या कार्यास शिष्यनिवड म्हणता येईल. डावपेच शिकविणे हे वस्तादाचे सर्वपरिचित काम होय. तथापि कोणास शिकवावयाचे, हा प्रश्न त्याच्या आधी येतो. महाराष्ट्रातील कुस्तीच्या इतिहासात एखाद्या तालमीचा उत्कर्ष वा अपकर्ष बव्हंशी या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून राहिलेला दिसतो. वस्तादांच्या यशाची तुलना सामान्यतः त्यांच्या शिष्यांनी मिळविलेल्या गदांवरून केली जाते. प्रस्तुत नोंदीत ही तुलना शिष्यनिवडीच्या अंगाने केली असून तिचा अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) जिल्ह्याच्या दृष्टीने काय अर्थ होतो, याचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका : संस्थानी काळात मल्लांची निवड हे मुख्यतः राजाश्रयाचे अंग होते. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांच्या कारकीर्दीत (१८९४–१९२२) कुस्तीला मोठे प्रोत्साहन मिळाले. उत्तरेकडील नामांकित मल्लांना त्यांनी कोल्हापुरात आणले, स्थानिक मल्लांच्या खुराकाची व्यवस्था केली आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभारले. या धोरणाची दोन अंगे होती : बाहेरचा तयार मल्ल आणणे आणि त्याच्याशी झुंजून गावचा पोर तयार करणे. पहिल्या अंगामुळे संस्थानाचा लौकिक वाढला. दुसऱ्यामुळे मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी या तालमींची परंपरा निर्माण झाली. संस्थान १९४९ मध्ये विलीन झाल्यावर राजाश्रय संपला. परंतु तालमी राहिल्या. त्यापुढे मल्ल निवडण्याची जबाबदारी राजाकडून वस्तादाकडे आली आणि खुराकाचा भार बहुतांशी मल्लाच्या घरावर पडला.

याच संक्रमणकाळात महाविद्यालयाचा आश्रय किती निर्णायक ठरू शकतो, याचे उदाहरण म्हणजे खाशाबा जाधव (१९२६–८४) हे होत. कराडजवळील गोळेश्वरचा हा मल्ल कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकत होता. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांना सहावे स्थान मिळाले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी पैसे कमी पडले, तेव्हा महाविद्यालयाचे प्राचार्य बॅ. खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्या स्पर्धेत जाधव यांनी मिळविलेले कांस्यपदक हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. मात्र ही घटना अपवादात्मकच राहिली. महाराष्ट्रात मल्लाची जोपासना महाविद्यालयाकडे न जाता तालमीकडेच राहिली.

महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेच्या वतीने १९६१ पासून महाराष्ट्र केसरी किताबाच्या कुस्त्या सुरू झाल्या. त्यामुळे तालमींच्या यशाला राज्यव्यापी मोजमाप मिळाले. माती आणि गादी या दोन विभागांतील विजेत्यांमध्ये अंतिम लढत होऊन गदा दिली जाते. मल्ल या स्पर्धेत जिल्ह्याच्या वतीने उतरतात. त्यामुळे तालीम आणि जिल्हा असे दोन दावेदार एकाच विजयाला लाभतात.

तीन वस्ताद : स्वातंत्र्योत्तर काळातील तीन वस्तादांची उदाहरणे शिष्यनिवडीच्या तीन पद्धती दाखवितात.

गणपतराव आंदळकर (१९३५–२०१८) हे सांगली जिल्ह्यातील पुनवत (ता. शिराळा) येथून १९५० च्या सुमारास कोल्हापुरास आले. १९६० मध्ये ते हिंदकेसरी झाले आणि १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्ण व मुक्त प्रकारात रौप्यपदक मिळविले. पुढे न्यू मोतीबाग तालमीत त्यांनी दीर्घकाळ शिष्य घडविले. शिष्य शोधण्यासाठी त्यांना फारसे हिंडावे लागले नाही. कोल्हापूरची कीर्ती आणि वस्तादाचे नाव यांच्या ओढीने मुले आपण होऊन येत. १९७० व १९७१ मध्ये लागोपाठ महाराष्ट्र केसरी झालेले आणि १९७४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक मिळविणारे दादू चौगुले हे त्यांच्या शिष्यांपैकी होत. ज्या केंद्राकडे मुले स्वतःहून येतात, तेथे वस्तादाचे कौशल्य मुले आणण्यात नसून आलेल्यांतून निवडण्यात असते.

हरिश्चंद्र बिराजदार (मृत्यू २०११) यांची स्थिती वेगळी होती. लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगड (ता. निलंगा) येथील हा मल्ल कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत तयार झाला. १९६९ चा महाराष्ट्र केसरी किताब, १९७० च्या एडिंबरो राष्ट्रकुल स्पर्धेतील सुवर्णपदक आणि १९७७ मध्ये बेळगाव येथे दिल्लीच्या सतपालवर मिळविलेला विजय ही त्यांची प्रमुख यशे होत. वस्ताद म्हणून त्यांनी पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत काम केले. कोल्हापूरबाहेर पर्यायी केंद्र उभे करावयाचे, तर मुले येण्याची वाट पाहून चालणार नव्हते. बिराजदारांना मराठवाड्याचा आधार मिळाला. आपल्या मुलखातला माणूस पुण्यात वस्ताद आहे, हा विश्वास लातूर-बीडकडील पालकांना पुरेसा होता. बीड जिल्ह्यातील पाटोद्याचे राहुल आवारे याच वाटेने लहानपणी पुण्यास आले. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्ण आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. या यशाच्या वेळी त्यांचे पहिले गुरू हयात नव्हते. शिष्यनिवडीचे फळ निवड करणाऱ्याच्या हयातीत मिळेलच असे नाही, हे यावरून दिसते.

बिराजदारांचे शिष्य व अर्जुन पुरस्काराचे (१९९८) मानकरी काका पवार हेही मूळचे लातूर जिल्ह्यातील. पुण्यात कात्रज परिसरात त्यांनी चालविलेले कुस्ती संकुल हे निवासी पद्धतीचे असून तेथे माती आणि गादी या दोहोंचा सराव होतो. जानेवारी २०२० मध्ये बालेवाडी येथील महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत हर्षवर्धन सदगीर यांनी शैलेश शेळके यांच्यावर ३–२ अशा गुणांनी विजय मिळविला. दोघेही पवारांचे शिष्य होते. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यातच शिवराज राक्षे आणि महेंद्र गायकवाड यांच्यात झालेली अंतिम लढतही याच संकुलाच्या दोन मल्लांतील होती. गदा कोणीही जिंकली, तरी ती एकाच आखाड्यात जावी, असा योग तीन वर्षांत दोनदा आला. गदांवरून मोजल्यास या कालखंडातील शिष्यनिवडीत पवार यांचे स्थान अग्रगण्य ठरते.

तथापि या तुलनेत एक भेद लक्षात घ्यावा लागतो. कोरा मुलगा घेऊन त्याचा मल्ल करणे आणि अन्यत्र निम्माअधिक तयार झालेल्या मल्लाला अखेरची धार देणे, ही दोन वेगळी कामे आहेत. दोन्ही आवश्यक असली, तरी गदेवर नाव दुसऱ्याचेच लागते. पहिल्या वस्तादाच्या वाट्याला बहुधा गावकीची कृतज्ञता येते.

परदेशातील तुलना : प्रशिक्षकांच्या खेळाडू मिळविण्याच्या यशाची पद्धतशीर तुलना अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये विशेष रूढ आहे. तेथे विद्यापीठाचा प्रशिक्षक शालेय खेळाडूंना शिष्यवृत्ती देऊन आपल्या संघात आणतो. लॉस अँजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे जॉन वुडन यांच्या संघाने १९६४ ते १९७५ या काळात दहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळविली. त्यांपैकी १९६७ ते १९६९ या तीन विजेतेपदांचा आधारस्तंभ ल्यू अल्सिंडर (पुढे करीम अब्दुल-जब्बार) हा देशाच्या दुसऱ्या टोकाकडून, न्यूयॉर्कहून आलेला होता. याउलट केंटकी विद्यापीठाचे ॲडॉल्फ रप हे ८७६ विजय मिळविणारे प्रशिक्षक. पण त्यांच्या संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू १९६९ मध्ये घेतला गेला. तत्पूर्वी १९६६ च्या अंतिम सामन्यात डॉन हॅस्किन्स यांच्या टेक्सस वेस्टर्न संघाने पाच कृष्णवर्णीय खेळाडूंनिशी सामन्याची सुरुवात करून केंटकीचा ७२–६५ असा पराभव केला होता. ज्यांच्यासाठी दार बंद ठेवले, त्यांच्याकडूनच हार पत्करावी लागली. शिष्यनिवडीची कक्षा किती रुंद आहे, यावर तिचे यश ठरते, हा या घटनेचा बोध कुस्तीलाही लागू पडतो.

दोन्ही पद्धतींत मूलभूत फरक मात्र आहे. अमेरिकेत निवडलेल्या खेळाडूचा शिक्षणखर्च संस्था उचलते. तालमीत दूध, तूप, बदाम यांचा खर्च सामान्यतः मुलाच्या घरून येतो. काही सहकारी साखर कारखान्यांनी मल्लांना मानधन दिले. किताब मिळविलेल्या काही मल्लांना शासनाने पोलीस दलात अधिकारपद दिले. परंतु हे साहाय्य यशानंतरचे होय. त्यापूर्वीची सहा-आठ वर्षे घरच्यांनी ओढावयाची असतात. म्हणून वस्ताद मुलाला निवडतो हे जितके खरे, तितकेच त्याचे घर वस्तादाला निवडते हेही खरे. मुलगा गदेपर्यंत पोचला नाही, तर झालेला खर्च भरून निघत नाही आणि बहुसंख्य मुले गदेपर्यंत पोचत नाहीत.

अहिल्यानगर जिल्हा : या जिल्ह्यात गावोगावच्या यात्रांत भरणारा कुस्त्यांचा हगामा ही मल्ल हेरण्याची पहिली जागा होय. सकाळी देवाचा कार्यक्रम आणि दुपारनंतर कुस्त्या, असा त्याचा क्रम असतो. आरंभी लहान मुलांच्या कुस्त्या खोबरे, रेवड्या किंवा किरकोळ रकमेवर लावतात. इनाम चढत जाऊन अखेरची कुस्ती मोठ्या रकमेची असते. शेजारच्या तालुक्यांतील मल्ल या वेळी येतात आणि जाणती मंडळी मुलांची अंगलट, चपळाई व हिंमत पारखतात. पश्चिमेस अकोल्याचा डोंगराळ मुलूख आणि दक्षिणेस कर्जत, जामखेड, श्रीगोंदे यांचा अवर्षणप्रवण पट्टा, असे जिल्ह्याचे स्वरूप आहे. अशा भागात हगाम्याचे इनाम हे होतकरू मल्लाच्या खुराकाचे एक साधन असते.

पारख येथे होते. तयारी बहुधा बाहेर होते. हर्षवर्धन सदगीर हे याचे ठळक उदाहरण होय. त्यांचे गाव अकोले तालुक्यातील कोंभाळणे. देशी बियाण्यांच्या जतनाबद्दल २०२० मध्ये पद्मश्री मिळालेल्या राहीबाई पोपेरे यांचेही गाव हेच. सदगीर यांचे आरंभीचे शिक्षण नाशिकजवळील भगूर येथे गोरखनाथ बलकवडे यांच्या व्यायामशाळेत झाले. तेथून ते पुण्यास काका पवार यांच्याकडे गेले आणि २०२० ची गदा त्यांनी नाशिक जिल्ह्याच्या वतीने जिंकली. त्यांच्या यशात जन्मगाव, पहिली तालीम, दुसरी तालीम आणि प्रतिनिधित्वाचा जिल्हा, असे चार वाटेकरी आहेत. अधिकृत नोंदीत मात्र त्यांतील नाशिकचेच नाव येते.

असा प्रकार केवळ याच जिल्ह्याच्या बाबतीत घडला आहे असे नाही. करमाळा तालुक्यातील खडकीचे बाला रफिक शेख यांनी कोल्हापुरात आंदळकरांकडे व पुढे पुण्यात शिक्षण घेतले आणि २०१८ ची गदा बुलढाण्याच्या वतीने मिळविली. पुणे जिल्ह्यातील शिवराज राक्षे २०२३ मध्ये नांदेडच्या वतीने लढले. ज्या जिल्ह्यात वजनी मल्लांची दाटी असते, तेथील निवड चाचणीतच चांगला मल्ल अडकतो. म्हणून तो दुसऱ्या जिल्ह्याकडून उतरतो. त्या जिल्ह्यालाही नाव हवे असते. शिष्यनिवडीची स्पर्धा अशा रीतीने तालमीपुरती न राहता जिल्हा संघटनांपर्यंत पोचली आहे.

राज्यातील कुस्ती संघटनांत पडलेल्या फुटीमुळे २०२५ मध्ये महाराष्ट्र केसरीच्या दोन स्वतंत्र स्पर्धा झाल्या आणि दोन्ही याच जिल्ह्यात भरल्या. अहिल्यानगर शहरातील स्पर्धेत २ फेब्रुवारी रोजी पुण्याचे पृथ्वीराज मोहोळ विजयी झाले. त्यांच्या व राक्षे यांच्या गादी विभागातील लढतीत पंचांच्या निर्णयावरून वाद होऊन राक्षे यांनी पंचांना लाथ मारली. अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड यांनीही वादानंतर मैदान सोडले. या दोघांवर तीन वर्षांची बंदी घालण्यात आली. मार्चमध्ये कर्जत येथे झालेल्या दुसऱ्या स्पर्धेत सोलापूर जिल्ह्याचे वेताळ शेळके विजयी झाले. दोन मैदाने जिल्ह्याची, प्रेक्षक जिल्ह्याचे. गदा मात्र दोन्ही बाहेर गेल्या.

मोजमाप : वस्तादाच्या शिष्यनिवडीचे मूल्यमापन करताना शिष्यांची संख्या वा गदा यांखेरीज तीन गोष्टी पाहणे इष्ट ठरते. मुलगा तालमीत आला तेव्हा त्याची तयारी किती होती. तो कोणत्या थरातून व किती दूरवरून आला. आणि जे केसरी झाले नाहीत त्यांचे पुढे काय झाले. पहिल्या कसोटीवर भगूरसारख्या छोट्या व्यायामशाळेचे स्थान मोठ्या संकुलांच्या बरोबरीने येते. दुसऱ्या कसोटीवर मराठवाड्याच्या मुलांसाठी पुण्याची वाट खुली करणारे बिराजदार वरचढ ठरतात. तिसऱ्या कसोटीची उत्तरे तालमींच्या भिंतींवरील छायाचित्रांत मिळत नाहीत. ती गावोगावी शोधावी लागतात. अहिल्यानगरसारख्या जिल्ह्यास हीच कसोटी सर्वांत जवळची आहे. तेथून दरवर्षी मुले कोल्हापूर व पुण्याकडे जातात. त्यांतील एखादाच गदा घेऊन परततो. इतरांना गावाच्या तालमीत पुढील पिढीचे वस्ताद म्हणून स्थान मिळाले, तर त्या गावांची कुस्तीपरंपरा टिकून राहण्याची शक्यता वाढते.