ग्रंथालयाची चावी आणि शेवटची एसटी

चिमूरचे नाव निघाले की लोकांना 16 ऑगस्ट 1942 आठवतो. चंद्रपूरचे नाव निघाले की आम्हाला 16 ऑक्टोबर 1956 आठवतो. पहिल्या तारखेला चिमूरच्या माणसांनी इंग्रजी सत्तेला अंगावर घेतले. दुसऱ्या तारखेला बाबासाहेबांनी चंद्रपुरात येऊन हजारो माणसांना धम्मदीक्षा दिली. दोन्ही दिवशी दरवर्षी हारफुले होतात, भाषणे होतात. आज आम्हाला तिसऱ्या एका तारखेबद्दल बोलायचे आहे. ती म्हणजे 15 ऑक्टोबर.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा हा जन्मदिवस 2015 पासून महाराष्ट्रात 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून पाळला जातो. त्या दिवशी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काय होते ते आम्ही अनेक ठिकाणी पाहिले आहे. टेबलावर पांढरी चादर, चादरीवर नवीकोरी पुस्तके, प्राचार्यांच्या हस्ते फीत, दोन फोटो आणि अहवाल. 'पुस्तकांना हात लावू नये' अशी पाटीही आम्ही पाहिली आहे. वाचनाच्या दिवशी!

आता त्याच आठवड्यात बाहेर काय चाललेले असते? 14 ऑक्टोबरला नागपूरची दीक्षाभूमी आणि 16 ऑक्टोबरला चंद्रपूरची दीक्षाभूमी. दोन्हीकडे पुस्तकांच्या दुकानांपुढे पाय ठेवायला जागा नसते. आयुष्यभर अंगठा लावणारी बाई पदराची गाठ सोडून नातवासाठी पुस्तक विकत घेते. तरीही सभा-परिसंवादांतून ऐकवले जाते की आपल्या खेड्यातल्या मुलांना वाचनाची आवडच नाही. आमचे म्हणणे सरळ आहे. प्रश्न आवडीचा नाही. ग्रंथालयाची चावी कोणाच्या खिशात आहे आणि दार किती वाजता उघडते, हा प्रश्न आहे. आणि हा प्रश्न आजचा नाही, त्याला शंभर वर्षांचा इतिहास आहे.

बडोद्याचे ग्रंथालय आणि बडोद्याची खोली

भारतात सार्वजनिक ग्रंथालयांची पहिली मोठी चळवळ बडोदा संस्थानात उभी राहिली. सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये विल्यम बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतले. बडोदा शहरात मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावी वाचनालये आणि जिथे वाचनालय नाही तिथे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या अशी ती रचना होती. ज्यांना शाळेचा उंबरठा माहीत नव्हता त्यांच्यापर्यंत पुस्तक न्यायचे, हा विचार त्या काळात मोठाच होता. याच सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले.

1917 मध्ये करारानुसार ते बडोद्याला नोकरीसाठी परतले तेव्हा काय झाले? राहायला जागा मिळेना. नाव बदलून पारशी वसतिगृहात राहावे लागले आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेला माणूस कामाठी बागेत झाडाखाली बसून राहिला. ज्या शहरात देशातली सर्वात पुढारलेली ग्रंथालयव्यवस्था होती, त्याच शहरात देशातल्या सर्वात मोठ्या वाचकाला रात्रभर टेकायला खोली नव्हती.

यातून आम्ही एक धडा घेतो. ग्रंथालयाचे दार उघडे असणे पुरेसे नाही. वाचणारा माणूस कुठे राहतो, काय खातो, घरी कसा पोहोचतो, याचा विचार ज्या ग्रंथालयात नाही ते अर्धेच उघडे असते.

बाबासाहेबांना हे पुस्तकात वाचून कळले नव्हते. परळच्या चाळीतल्या एका खोलीत सगळे कुटुंब. पहाटे दोनला वडील उठवत, म्हणजे अंग टाकायला जागा आणि अभ्यासाला शांतता दोन्ही पाळीपाळीने मिळत. शाळा सुटल्यावर हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत वाचत बसे. तिथे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्याला पाहिले आणि पुढे स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवले. म्हणजे बाबासाहेबांचे पहिले वाचनालय म्हणजे बागेतले एक बाकडे. त्यांनी कष्टाने जमवलेली पुस्तके 1917 मध्ये लंडनहून परतताना पाणतीराच्या हल्ल्यात बोटीसकट समुद्राच्या तळाशी गेली. नुकसानभरपाई म्हणून 600 रुपये हाती आले. पुस्तक मिळवणे, राखणे आणि वाचायला जागा शोधणे या तिन्हींची किंमत त्यांनी मोजली होती.

बराकीतले महाविद्यालय

म्हणूनच 8 जुलै 1945 रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि 20 जून 1946 रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. इमारत नव्हती. मरीन लाइन्सजवळच्या लष्करी बराकींत वर्ग भरू लागले. आणि वर्ग कधी भरत? सकाळी. कारण कचेरीत कारकुनी करणारा, गिरणीत राबणारा मुलगा दहाच्या आत वर्ग आटोपून कामावर जाऊ शकला पाहिजे. बाबासाहेबांनी आधी विद्यार्थ्याचे घड्याळ पाहिले आणि मग महाविद्यालयाचे घड्याळ लावले. आमच्या मते सिद्धार्थच्या इतिहासातली सर्वात क्रांतिकारक गोष्ट ही आहे, आणि तिच्याबद्दल सर्वात कमी बोलले जाते.

या महाविद्यालयाला त्यांनी स्वतःच्या संग्रहातली पुस्तके दिली. तिथले ग्रंथपाल एस. एस. रेगे यांच्याशी ते पुस्तकांबाबत पत्रव्यवहार करत. देशाचा कायदामंत्री राहिलेला माणूस महाविद्यालयाच्या ग्रंथपालाला सहकारी मानत होता. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर 1957 मध्ये बाहेर आला, तोही सिद्धार्थ महाविद्यालयाचे प्रकाशन म्हणून. आज चिमूर तालुक्यातल्या विहारांत जे पुस्तक वर्षावासात वाचले जाते, ते एका महाविद्यालयातून निघालेले पुस्तक आहे, हे विसरू नये.

दुसरे उदाहरण औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाचे. 1950 मध्ये, मराठवाडा हैदराबाद राज्यात असताना ते सुरू झाले. आजूबाजूला दुष्काळी खेडी होती. बाबासाहेबांनी तिथे वर्गाबरोबर वसतिगृहाचा विचार केला आणि नागसेनवन उभे राहिले. पुढे काय पिकले ते सगळ्यांना माहीत आहे. अमेरिकेत शिकून आलेल्या प्राचार्य म. ना. वानखेडे यांनी तिथे कृष्णवर्णीय लेखकांच्या साहित्याची ओळख करून दिली. गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' चालवले. ज्यांच्या आजोबांना पोथीची सावली वर्ज्य होती, त्या मुलांनी मराठी साहित्याचा चेहरा बदलला. हे काय हवेतून झाले? पुस्तक, पुस्तक वाचायला जागा आणि रात्री परत जायला वसतिगृह, या तीन गोष्टी एका आवारात आल्या म्हणून झाले.

ज्या कृष्णवर्णीयांचे साहित्य मिलिंदमध्ये वाचले जात होते, त्यांच्या मुलांना स्वतःच्या गावात ग्रंथालय बंद होते. 27 मार्च 1961 रोजी मिसिसिपीतल्या टूगलू महाविद्यालयाचे नऊ विद्यार्थी जॅक्सन शहराच्या 'फक्त गोऱ्यांच्या' सार्वजनिक ग्रंथालयात गेले आणि शांतपणे वाचत बसले. पोलिसांनी त्यांना अटक केली. गुन्हा काय, तर पुस्तक उघडले. चवदार तळ्याचे पाणी आणि जॅक्सनचे पुस्तक, सत्याग्रह एकाच जातीचा.

आता चिमूरकडे या

आज कोणी जात विचारून ग्रंथालयाबाहेर काढत नाही. कायदा आहे, संविधान आहे. पण दार बंद करायला आता जात विचारावी लागत नाही, वेळापत्रक पुरते.

चिमूरला रेल्वे नाही. नेरी, भिसी, शंकरपूर, जांभुळघाट, खडसंगी या बाजूंनी येणारी मुले एसटीवर अवलंबून आहेत. काहींना फाट्यावर उतरून पुढे चालावे लागते. एका बाजूला ताडोबाचे जंगल आहे. अंधार पडल्यावर त्या रस्त्याने मुलीला एकटे येऊ द्यायला कोणती आई तयार होईल? वाघ तिथे गोष्टीतला नाही. म्हणजे तास संपतो, बस सुटायला थोडा वेळ उरतो आणि तेवढ्यात ग्रंथालयात रांग लावून पुस्तक मिळाले तर मिळाले. ज्याचे घर गावात, पक्के, स्वतंत्र खोलीचे आहे तो थांबतो. बाकीचे बसस्थानकाकडे पळतात. यात कोण थांबतो आणि कोण पळतो, याची जातवार आणि वर्गवार यादी करायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही.

शेतीचे वेळापत्रकही पाहा. प्रवेशाचे दिवस म्हणजे धानाच्या रोवण्याचे दिवस. उन्हाळी परीक्षा आणि तेंदूपत्त्याचा हंगाम एकमेकांना खेटून येतात. माना, गोंड, ढिवर, बौद्ध, छोटा कुणबी, सगळ्यांची मुले या दिवसांत हाताला काम शोधतात. पुस्तक आठ दिवसांत परत करा, नाहीतर दंड भरा, हा नियम कोणाला डोळ्यांसमोर ठेवून केला आहे?

आम्ही स्वतः अशाच एका महाविद्यालयात शिकलो. नाव घेत नाही, कारण दोष एका महाविद्यालयाचा नाही. बाबासाहेबांच्या 'लेखन आणि भाषणे' या शासनाने 1979 पासून काढलेल्या खंडांचा संच तिथे काचेच्या कपाटात होता. वसंत मून यांच्यासारख्या नागपूरच्या वस्तीत वाढलेल्या माणसाने रक्त आटवून संपादित केलेले ते खंड आम्ही तीन वर्षे काचेतून पाहिले. चावी मागितली की उत्तर मिळे, 'ते संदर्भग्रंथ आहेत, घरी मिळत नाहीत.' आणि तिथेच बसून वाचायचे म्हटले तर बस निघून जाई. पहिला खंड हातात आला तो एम.ए.ला, दुसऱ्या शहरात.

व्यवस्थेकडे कागद भरपूर आहेत. नॅकच्या चौथ्या निकषात ग्रंथालय आहे. एन-लिस्टमधून महाविद्यालयाला हजारो नियतकालिके आणि लाखाच्या वर ई-पुस्तके मिळतात. ती वापरायला ग्रंथालयातून नाव नोंदवून पासवर्ड घ्यावा लागतो. किती मुलांना तो कोणी दिला? अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांसाठीची केंद्राची बुक बँक योजना 1978-79 पासूनची. ती सुरू झाली वैद्यकीय-अभियांत्रिकीच्या मुलांसाठी आणि पुढे वाढली तीही व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरती. चिमूरकडचा साधा बी.ए. करणारा मुलगा तिच्या हिशेबात आलाच नाही. जिथे आमची सर्वात जास्त मुले आहेत, तिथेच योजना संपते.

कोणी म्हणेल, आता सगळे मोबाइलवर आहे, ग्रंथालय कशाला? ज्या गावात फोन लावायला टेकाडावर चढावे लागते तिथे येऊन हे बोला. कोणी म्हणेल, मुले येतच नाहीत. याचे उत्तर डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्येच देऊन ठेवले आहे. बाबासाहेबांपेक्षा एका वर्षाने लहान असलेल्या या ग्रंथपालाने पाच नियम मांडले. पुस्तक वापरासाठी आहे, हा पहिला. त्या नियमाची चर्चा करताना ते ग्रंथालयाची जागा, उघडण्याच्या वेळा, बसायची व्यवस्था आणि कर्मचारी यांच्यावर बोलतात. म्हणजे वाचक येत नसेल तर आधी वेळ तपासा, वाचकाला शिव्या नंतर द्या. त्याच 1931 मध्ये तमिळ मुलखात मन्नारगुडीहून बैलगाडीने गावोगाव पुस्तके फिरू लागली. 1931 मध्ये जे बैलाला जमले ते आज एसटीला का जमू नये? रंगनाथनांचा जन्मदिवस 12 ऑगस्ट आपण ग्रंथपाल दिन म्हणून साजरा करतो. त्यांना हार घालताना हा प्रश्नही विचारू या.

आमच्या मागण्या

मागण्या लहान आहेत आणि बहुतेकांना पैसा लागत नाही. ग्रंथालयाच्या वेळा शेवटच्या एसटीशी जोडा. सकाळी पहिल्या बसने येणाऱ्या मुलांसाठी तास सुरू होण्याआधी दार उघडा. कपाटांची कुलपे काढा, मुलांना रॅकपर्यंत जाऊ द्या. रोवण्याच्या आणि तेंदूच्या हंगामात दंड माफ करून मुदत वाढवा. बी.ए.च्या गरीब मुलांना वर्षभरासाठी पाठ्यपुस्तकांचा संच द्या. पन्नास पुस्तकांची एक पेटी गावच्या विहारात, समाजमंदिरात, गोटुलात फिरवा, बडोद्याने शंभर वर्षांपूर्वी फिरवली तशी. ग्रंथपालाचे रिकामे पद भरा आणि भरलेल्या ग्रंथपालाला परीक्षेच्या कारकुनीतून सोडवा. आणि 15 ऑक्टोबरला फोटोऐवजी एक आकडा जाहीर करा: या वर्षी किती मुलांनी किती पुस्तके घरी नेली.

आमच्या कार्यकर्त्यांनाही एक सांगायचे आहे. आपण पुतळ्यासाठी भांडतो, कमानीसाठी भांडतो, ते ठीक आहे. पण महाविद्यालयाच्या विकास समितीत जाऊन ग्रंथालयाच्या वेळेसाठी किती वेळा भांडलो? बाबासाहेबांच्या हातातले पुस्तक आपण सिमेंटमध्ये बसवले आहे. ते कोणी काढून वाचू शकत नाही.

14 ऑक्टोबरला नागपूर, 16 ऑक्टोबरला चंद्रपूर. मधल्या 15 तारखेला आपापल्या तालुक्याच्या महाविद्यालयात जा, ग्रंथालयाचे दार किती वाजता बंद होते ते पाहा आणि शेवटची एसटी किती वाजता सुटते ते पाहा. दोन्ही वेळा एका कागदावर लिहा आणि प्राचार्यांच्या टेबलावर ठेवा. लढाई तिथून सुरू होते.

जय भीम!