टोळांनी खाल्लेले कुरण

टोळधाडीची हकीगत सांगताना पिकांची नासाडी आधी सांगतात, कारण पिकावर सारा बसतो. माळावरचे गवत कुणाच्या खातेपुस्तकात नसते. पण माण, खटाव, आटपाडी, जत या भागांतल्या धनगरांचे सारे भांडवल त्या गवतावर उभे असते. जत तालुक्यातल्या माडग्याळ गावाने तर मेंढ्यांच्या एका जातीलाच नाव दिले आहे.

1903-04 साली मुंबई इलाख्यात टोळांचा मोठा उपद्रव झाला. या जातीला शास्त्रज्ञ मुंबई टोळ म्हणतात. पावसाच्या आरंभी तो अंडी घालतो, पिले ऐन पावसाळ्यात गवतावर वाढतात आणि पंख फुटलेले थवे हिवाळ्यात सह्याद्रीच्या रानात शिरतात. आता धनगराचे वर्ष याच्याशी ताडून पाहा. दिवाळीनंतर तो खांड घेऊन कृष्णाकाठी, कोकणात उतरतो आणि पावसाच्या तोंडी माळावर परततो. म्हणजे टोळाची पिले आणि मेंढ्या एकाच महिन्यांत, एकाच गवतावर!

मग घालायचे काय? शेतकऱ्याजवळ कडब्याची गंज असते. फिरत्या माणसाने साठवण ठेवावी कोठे? त्याची कोठी म्हणजे झाड. बाभळीच्या शेंगा उन्हाळ्यातच संपतात. उरतो तो आकडीने पाडलेला बोर-बाभळीचा पाला. 1878 च्या जंगल कायद्यानंतर राखीव रानात तीही मोकळीक राहिली नाही. दुसरा आधार शेतात मेंढ्या बसवून मिळणाऱ्या धान्याचा. ही खताची मजुरीच आहे, आणि मालकाचे पीक बुडाले की मजुरी आधी बुडते, हे गिरणीतल्या माणसाला समजावून सांगायला नको.

धान्य मिळाले तरी जपून द्यावे लागते. उपाशी मेंढीपुढे एकदम ज्वारी ओतली तर पोटात आंबून ती दगावते. मूठभराने आरंभ करून आठ-दहा दिवसांत वाढवावे, सोबत पाला-कडबा हवाच. तुटवडा असेल तर पहिला घास गाभण मेंढीला, कारण पाच महिन्यांतल्या शेवटच्या दीड महिन्यातच गर्भ झपाट्याने वाढतो.

पुढे टोळांवर बी.एच.सी.ची विषारी भुकटी आली. टोळ मरत, पण भुकटी पडलेले गवत मेंढ्यांनाही वर्ज्यच. तिच्यावर बंदी आली ती 1997 साली.

2017 साली राज्य सरकारने राजे यशवंतराव होळकर महामेष योजना आणली. मेंढ्यांच्या खाद्यासाठी अनुदान तीत स्वतंत्रपणे धरले आहे.