वाताची उचल : धूर आणि अग्नी

आपल्या मालेगावात सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत एक वाक्य हमखास कानी पडतं, "वातानं पुन्हा उचल खाल्ली." मग आपण कुणाकडून तरी पुडी आणतो. या 'पुन्हा'चा इतिहास आज पाहू.

सुमारे बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी माधवकराने 'माधवनिदाना'त आमवाताला स्वतंत्र प्रकरण दिले. विंचू चावल्यासारखा ठणका, सुजलेले सांधे, ताप, अन्नावर वासना नसणे अशी लक्षणे तो नोंदवतो. तो आमवात आणि आजचा ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस तंतोतंत एकच, असं म्हणता येणार नाही. पण हे दुखणं साऱ्या शरीराचं आहे, हे त्याने ओळखलं होतं.

१९४८ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी अशाच रोगाने जखडलेल्या एका तरुणीला कॉर्टिसोन दिलं. काही दिवसांत ती चालू लागली. १९५० मध्ये नोबेलही मिळालं. पण औषध थांबलं की दुखणं परते; चालू ठेवलं तर दुष्परिणाम होत. आराम म्हणजे रोगमुक्ती नव्हे, हा धडा तिथे मिळाला.

न्यायदर्शन शिकवताना आम्ही धुरावरून अग्नीचं अनुमान समजावत असू. घरी मात्र चुकलो. घरच्या रुग्णाचा ठणका थांबला, तेव्हा आम्हीच मेथोट्रेक्सेट बंद करू दिलं. धूर गेला, आग आत होतीच. दोन्ही मनगटं पुन्हा सुजली. पुढे एक बोट वाकलं, ते सरळ झालंच नाही.

हा शहरी रोग आहे, असंही समजू नका. १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला घरोघरी पाहणी केली. चार हजारांवर प्रौढांत सुमारे अर्धा टक्का लोकांना हाच आजार आढळला.

तेव्हा भडका ओळखा : सकाळी तासभर सांधे आखडलेले, दोन्ही हातांना गरम सूज, विनाकारण थकवा. तारीख लिहा, दुखऱ्या सांध्याला विसावा द्या, डॉक्टरांना लवकर दाखवा. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज नव्हे. चालू असलेलं स्टेरॉइड एकदम सोडू नका. एकच सांधा लालभडक होऊन ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तो जंतुसंसर्ग असू शकतो.

आणि पुडीत काय आहे, हे देणारा सांगत नसेल, तर ती घेऊ नका.